आजीचा चेहरा दाखवा

गेल्या वर्षी एका प्रकाशनासाठी मी मुलांच्या गोष्टीची चित्रं काढत होतो. गोष्ट साधी होती. पाऊस नाही, वैरण संपत आलेली, म्हणून आजी म्हैस विकते. व्यापारी येतो, म्हैस टेम्पोत चढवतो आणि निघून जातो. शेवटून दुसऱ्या पानावर मजकूर एवढाच की आजी रिकाम्या गोठ्यात उभी आहे. मी आजीला पाठमोरी काढली. वाकलेली पाठ, कमरेला खोचलेला पदर, समोर रिकामी गव्हाण, खुंटा आणि हातात दावं. ती दावं गुंडाळत होती की नुसतं धरून उभी होती, हे मी मुद्दामच नीट ठरवलं नव्हतं. अख्ख्या पुस्तकात हेच पान बरं जमलंय असं मला वाटत होतं.

दोन दिवसांनी संपादकबाईंचा फोन आला. चित्र छान आहे म्हणाल्या, पण आजीचा चेहरा दाखवा ना. तिला वाईट वाटतंय हे मुलांना कळणार कसं? मी म्हटलं, म्हैस गेलीय, गोठा रिकामा आहे, कळेल. "तुम्हाला कळतं हो सर, मुलांना स्पष्ट लागतं." संध्याकाळी त्यांनी ईमेलवर एक तक्ता पाठवला. बारा गोल चेहरे, प्रत्येकाखाली एक शब्द. आनंद, दुःख, राग, भीती, आश्चर्य, किळस वगैरे. 'दुःख' या चेहऱ्यात भुवयांची आतली टोकं वर गेलेली, ओठांचे कोपरे खाली ओढलेले आणि डाव्या गालावर एक थेंब. सगळ्या पुस्तकांत भाव एकसारखे यावेत म्हणून हा तक्ता सगळ्या चित्रकारांना पाठवतो, असं सोबत लिहिलं होतं.

बाईंवर माझा राग नाही. त्या कामाच्या पक्क्या आहेत आणि पैसे वेळेवर देतात, हे आमच्या धंद्यात लहान प्रशस्तिपत्र नव्हे. माझं भांडण त्या तक्त्याशी आहे. माणसाच्या मनात जे चालतं ते चेहऱ्यावर छापून येतं आणि चित्रकाराचं काम म्हणजे तो छाप नीट उठवणं, ही समजूत मला चुकीची वाटते. एवढंच असतं तर मी गप्प बसलो असतो, कारण चुकीच्या समजुतींवर कलेचं बरंच चालून जातं. पण ही समजूत आता चित्रांच्या बाहेर पडली आहे आणि जिवंत माणसांना लावली जाते आहे. ते मी माझ्या घरात पाहिलंय. त्याकडे येतोच.

या तक्त्याचं कुळ मोठं आहे. चौदाव्या लुईच्या दरबारातला पहिल्या क्रमांकाचा चित्रकार शार्ल ल ब्रन. त्याने 1668 मध्ये पॅरिसच्या राजेशाही कला अकादमीत भावदर्शनावर व्याख्यान दिलं आणि सोबत चेहऱ्यांची रेखाटनं दाखवली. आधार होता देकार्तचा. देकार्तने 1649 च्या आपल्या ग्रंथात सहा मूळ भावना मोजल्या होत्या आणि आत्म्याचा मुक्काम मेंदूतल्या एका इवल्याशा ग्रंथीत ठरवला होता. ल ब्रनने त्यावरून गणित मांडलं. ही ग्रंथी मेंदूत, मेंदूला चेहऱ्याचा सर्वांत जवळचा भाग भुवई, म्हणून मनाचा कारभार सगळ्यात आधी भुवईवर उमटतो. भुवई वर गेली तर एका जातीच्या भावना, खाली झुकली तर दुसऱ्या जातीच्या. तो गेल्यावर 1698 मध्ये हे व्याख्यान चित्रांसकट छापलं गेलं, भाषांतरं झाली, आणि पुढची दीडेकशे वर्षं युरोपातली चित्रकला शिकणारी पोरं हे चेहरे गिरवत राहिली. त्या अकादमीत तर नुसत्या भाव दाखवणाऱ्या डोक्याची वेगळी स्पर्धा सुरू झाली. मानेखाली काही नाही. फक्त डोकं.

ल ब्रनचं एक गाजलेलं चित्र व्हर्सायला आहे. दारियसच्या तंबूत शिरलेला अलेक्झांडर आणि त्याच्या पायाशी पराभूत राजाच्या घरच्या बायका. एक घाबरलेली, एक विनवणारी, एक चकित, एक शोकात. एकेक चेहरा वेगळा काढून चौकटीत बसवावा इतका सुटा. गंमत अशी, की या कथेत राजमाता चुकते. ती अलेक्झांडरच्या मित्रालाच अलेक्झांडर समजते आणि त्याच्यापुढे लोटांगण घालते. म्हणजे चेहरे वाचता येतात यावर ज्या माणसाने उभं शास्त्र रचलं, त्याने चित्राला विषय निवडला तो चेहरा ओळखण्यातल्या चुकीचा. हे त्याच्या लक्षात आलं होतं का कोण जाणे.

आता याच सुमारास ॲम्स्टरडॅममध्ये काय चाललं होतं ते बघा. दिवाळं निघालेला, बायको आणि मुलगा गमावलेला रेम्ब्रांट आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत 'उधळ्या मुलाचं परत येणं' रंगवत होता. अडीच मीटरहून उंच असलेलं हे चित्र आज सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाजमध्ये आहे. मी ते प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. माझ्याकडे पुस्तकातलं पान आहे आणि ते इतक्या वेळा उघडलंय की तिथला पुठ्ठा सुटलाय. बापाची वाटणी घेऊन गेलेला, सगळं उडवून डुकरं राखायची वेळ आलेला मुलगा बापापुढे गुडघे टेकून बसलाय. तो आपल्याला पाठमोरा आहे. दिसतं ते त्याचं भादरलेलं डोकं, बापाच्या छातीत खुपसलेल्या तोंडाची एक पुसट बाजू, फाटके कपडे आणि पायातून निसटलेल्या पादत्राणामुळे उघडा पडलेला डावा तळवा. बापाचा चेहरा दिसतो, पण त्यावर तक्त्यातला एकही भाव बसत नाही. डोळे जवळजवळ मिटलेले, कदाचित दृष्टी गेलेली. चित्र सगळं त्याच्या हातांत आहे. मुलाच्या पाठीवर दोन तळवे टेकलेत आणि दोन्ही सारखे नाहीत. एक रुंद, घट्ट दाबलेला. दुसरा निमुळता, नुसता ठेवलेला. यातून लोकांनी नाना अर्थ काढलेत, ते बाजूला ठेवू. मला दिसतं ते इतकंच, की आंधळा माणूस आपला मुलगा हाताने ओळखतोय.

आणि रेम्ब्रांटला चेहरे येत नव्हते असं कुणी म्हणू नये. चोविसाव्या वर्षी, 1630 मध्ये, आरशासमोर बसून त्याने स्वतःची तोंडं वेडीवाकडी करून तांब्याच्या पत्र्यावर कोरली होती. त्यातलं डोळे विस्फारलेलं, ओठ विलग झालेलं एक तर जेमतेम पाच सेंटिमीटरचं आहे, टपालाच्या मोठ्या तिकिटाएवढं. तक्ता म्हणून छापलं तर 'आश्चर्य' या रकान्यात अचूक बसेल. म्हणजे ज्याच्या हातात ही विद्या पंचविशीच्या आत होती, त्याने साठीच्या घरात आल्यावर ती खाली ठेवली. हा उतारवयातला थकवा आहे असं मला पटवून द्यायला कुणी येणार असेल, तर त्याने आधी तो डावा तळवा नीट पाहावा.

चित्रकारांना ही अडचण पूर्वीपासून माहीत होती. आल्बेर्तीने 1435 मध्ये चित्रकलेवर जे लिहिलं त्यात हसरा चेहरा काढायला जावं आणि रडका होऊन बसावा, ही तक्रार आहे. हात चालवून पाहिल्याशिवाय यावर विश्वास बसणार नाही, असंही त्याचं म्हणणं. मी विश्वास ठेवतो. पेन्सिलीने तोंड हसतं करताना गालाची रेघ जरा जास्त खोल गेली की माणूस हंबरडा फोडतो. लिओनार्दोनेही नोंदवलंय की हसणाऱ्याच्या आणि रडणाऱ्याच्या डोळ्यांत, गालांत, तोंडात फारसा फरक नसतो, फरक पडतो तो बराचसा भुवयांत. त्याने चित्रकाराला सल्ला काय दिला? मुक्या माणसांकडे बघत बसा. त्यांचे हात बघा. मनातला हेतू दाखवणं ही चित्रातली अवघड गोष्ट आणि ती अवयवांच्या हालचालींतून दाखवायची, असं त्याचं मत होतं. 'शेवटचं भोजन' बघताना टेबलावरचे सगळे हात आधी मोजा आणि चेहऱ्यांकडे नंतर वळा, तो काय म्हणत होता ते कळेल.

जाता जाता एक खोडसाळ निरीक्षण. जगातले सर्वांत जास्त छापले गेलेले दोन रंगवलेले चेहरे म्हणजे मोनालिसा आणि मुंकच्या 'किंकाळी'तला तो माणूस. आज दिसतात त्या अवस्थेत दोघांनाही भुवया जवळपास नाहीतच. ल ब्रन काय म्हणाला असता?

माझ्या पाठमोऱ्या आजीला बाकी थोर पूर्वज आहेत. पदुआच्या स्क्रोव्हेन्यी प्रार्थनाघरात जोत्तोने 1305 च्या सुमारास येशूच्या प्रेताभोवतीचा शोक रंगवला. वर आभाळात देवदूत तोंडं वासून, हात फेकून आक्रंदताहेत. आणि अगदी पुढे, आपल्या बाजूला, जमिनीवर दोन बायका बसल्यात. पाठमोऱ्या. डोक्यावरून वस्त्र ओढलेल्या, मोठ्या दगडांसारख्या. चित्रासमोर उभं राहिलं की आपण त्यांच्या मागच्या रांगेत जाऊन बसतो. त्याहून जुनी हकीकत प्लिनीने लिहून ठेवलीय. तिमान्थेस नावाच्या ग्रीक चित्रकाराने इफिजिनियाचा बळी काढला. भोवतीच्या सगळ्यांचे शोकाकुल चेहरे रंगवले आणि मुलीच्या बापाची, आगामेम्नॉनची, पाळी आली तेव्हा त्याचं तोंड वस्त्राने झाकून टाकलं. ते चित्र आता उरलेलं नाही, पण पॉम्पेईतल्या एका घराच्या भिंतीवर डोकं झाकून उभा असलेला बाप सापडलाय. त्याचा चेहरा का झाकला, यावर दोन हजार वर्षं पंडित भांडताहेत. चित्रकाराची ताकद संपली म्हणून, की चेहरा विद्रूप झाला असता म्हणून? लेसिंगने 1766 मध्ये दुसऱ्या बाजूने कौल दिला. माझं उत्तर अडाण्याचं आहे. पोरगी मारायला नेत असताना बाप तोंड झाकतोच. त्यात कोडं कसलं?

आता हा तक्ता शास्त्र कसा झाला ते बघू. व्हिएन्नात फ्रान्झ झेव्हर मेसरश्मिट नावाचा शिल्पकार होता. नोकरीत डावलला गेलेला, मनाने हलल्याची बोलवा असलेला. त्याने 1770 नंतर, पुढे ब्रातिस्लाव्हात राहून, साठच्या वर डोकी घडवली. पिळवटलेली, आक्रसलेली, ओठ आत ओढून घेतलेली. 1781 मध्ये भेटायला आलेल्या एका लेखकाला त्याने सांगितलं, की भुतं मला छळतात, स्वतःला चिमटे काढून आरशात ही तोंडं केली की ती ताब्यात राहतात. म्हणजे या चेहऱ्यांमागे राग, लोभ, शोक असं काहीच नव्हतं. होता तो बंदोबस्त. तो 1783 मध्ये वारला. दहा वर्षांनी ती डोकी प्रदर्शनात मांडली गेली आणि कुणी तरी प्रत्येकाला नाव ठेवलं. हा जांभई देणारा, हा फाशी गेलेला. ही नावं आजही संग्रहालयांत लागलेली आहेत. चेहरा आधी आला आणि शब्द मागून कुणा दुसऱ्याने चिकटवला. तक्ता म्हणतात तो हाच.

मग फ्रान्सचा डॉक्टर दुशेन आला. त्याच्याकडे एक म्हातारा, दात पडलेला चांभार होता. त्याच्या चेहऱ्याच्या त्वचेला संवेदना कमी होती, त्यामुळे विजेचे झटके दिले तरी फारसं कळत नसे. दुशेनने तारा लावून त्याचे स्नायू एकेक करून उचलले, फोटो काढले आणि 1862 मध्ये पुस्तक छापलं. त्या फोटोंत म्हातारा भेदरलेला दिसतो, हसरा दिसतो, छळलेला दिसतो. प्रत्यक्षात तो बसून आहे. भावनेच्या इतिहासातलं हे सर्वांत बोलकं चित्र असेल तर ते यासाठी, की इथे चेहऱ्यावर सगळं आहे आणि आत काहीच घडत नाहीये.

डार्विनने हेच फोटो घेतले. पण डार्विन प्रामाणिक माणूस. त्याने ते वीसहून अधिक सुशिक्षित लोकांना काहीही न सांगता दाखवले आणि काही फोटोंबाबत सगळ्यांचं एकमत झालं तरी काहींबाबत मतं पार फाटली, हे 1872 च्या पुस्तकात लिहून टाकलं. त्याच पुस्तकाच्या सुरुवातीला त्याची आणखी एक कबुली आहे, जी मला फार आवडते. त्याला वाटलं होतं की थोर चित्रकार आणि शिल्पकार बारकाईने बघणारे लोक, त्यांच्याकडून मदत होईल. त्याने बऱ्याच नामांकित कलाकृतींचे फोटो आणि छापे पाहिले आणि फारसं हाती लागलं नाही. त्याने कारण दिलं की कलेत सौंदर्य मुख्य, आणि स्नायू आवळले की सौंदर्य जातं. पुढे तो म्हणतो की चित्रातली गोष्ट सांगितली जाते ती भोवतालच्या गोष्टींच्या कुशल मांडणीतून. हे त्याने उणीव म्हणून लिहिलंय! तीनशे-चारशे वर्षांच्या चित्रकारांनी एकमुखाने दिलेलं उत्तर त्याच्या पुढ्यात होतं आणि त्याने ते 'उपयोग झाला नाही' या खात्यात टाकलं.

इथे कुणी तरी नक्की म्हणेल, की हे सगळं युरोपचं झालं, आपल्याकडे नवरस आहेत, भरतमुनींनीच तर तक्ता दिलाय. दिलाय ना. नाट्यशास्त्रात 36 दृष्टी आहेत, भुवयांची सात कर्मं आहेत, गालांची, नाकाची, हनुवटीची वेगळी. गॅदरिंगला नऊ पोरं ओळीने उभी करून नऊ तोंडं करायला लावणाऱ्या मास्तरांना एवढंच पुरतं. पण त्याच ग्रंथात रस निपजायला काय लागतं? विभाव लागतो, म्हणजे ज्याच्यामुळे आणि ज्या परिस्थितीत भावना जागते ते सगळं. अनुभाव लागतो, म्हणजे शरीरावर उमटणारी खूण. आणि ये-जा करणारे संचारी भाव लागतात. चेहरा यातल्या एका घटकाचा एक तुकडा आहे. माझ्या चित्रातली रिकामी गव्हाण हा विभाव होता, दाव्याभोवती आवळलेली बोटं हा अनुभाव होता. भरतमुनींनी चित्र परत पाठवलं नसतं, अशी माझी समजूत आहे.

अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात डाव्या भिंतीवर 'मरणासन्न राजकन्या' म्हणून ओळखलं जाणारं चित्र आहे. ती राजकन्या नसून नंदाची बायको सुंदरी असावी असं आता अभ्यासक मानतात. नवरा भिक्षू झालाय आणि त्याचा मुकुट घरी आलाय. तो मुकुट हातात घेतलेला माणूस बाजूला उभा आहे. ती मंचकावर बसल्या बसल्या कलंडलीय. मान एका बाजूला पडलेली, डोळे अर्धवट मिटलेले, हात निर्जीव. एक दासी मागून आधार देतेय. आजूबाजूच्या बायका तिच्याकडे बघताहेत आणि त्यांच्या बघण्यातून आपल्याला तिचं कळतं. जे. जे. स्कूलचे तेव्हाचे प्रमुख जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन वर्षानुवर्षं इथल्या नकला करत होते. करुणा आणि गोष्ट सांगण्याची रीत यांत या चित्राला कलेच्या इतिहासात तोड नाही, असं त्यांनी लिहून ठेवलं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा चित्रात मला जवळजवळ काहीच दिसलं नाही. अंधार होता, रंग उडालेले. डोळे सरावल्यावर आधी दिसली ती मानेची रेघ. चेहरा सगळ्यात शेवटी.

राजा रविवर्म्याला आपण नाटकी म्हणतो, पण त्याचा विश्वामित्र आठवा. मेनका तान्ही शकुंतला पुढे धरतेय आणि ऋषीने तोंड फिरवून हात आडवा धरलाय. किती तरी घरांच्या भिंतींवर हे चित्र टांगलेलं होतं. लहानपणी मला त्यातला चेहरा कधीच आठवायचा नाही, तो हात आठवायचा.

आता घरातलं.

आमचे अण्णा एसटीत कंडक्टर होते. तोंडाचा पट्टा चालू आणि चेहऱ्याचाही. सुट्टे पैसे नसलेल्या माणसाकडे ते नुसतं असं बघायचे की पुढच्या तिघांच्या खिशातून नाणी निघायची. सत्तरीनंतर त्यांना पार्किन्सन्स झाला. हाताला कंप सुटतो हे सगळ्यांना माहीत असतं. या आजारात चेहऱ्याचे स्नायूही ताठरतात, पापण्या लवणं कमी होतं, चेहरा मुखवट्यासारखा होतो, हे आम्हाला माहीत नव्हतं. नातेवाइकांनी वर्षभरात निकाल लावला, अण्णांना आता कशाचंच काही वाटत नाही. थोरल्या काकांच्या दहाव्याला ते तसेच कोरडे बसून होते तेव्हा एक आत्या मला बाजूला घेऊन म्हणाली, सख्खा भाऊ रे, डोळ्यात टिपूस नाही.

एकदा ते न्हाणीघरात पडले आणि खुबा मोडला. रात्री एका रुग्णालयात दाखल केलं. पलंगाच्या डोक्याशी वेदना मोजायची पट्टी लावलेली होती. तुम्हीही पाहिली असेल. सहा गोल चेहरे, पहिला हसरा शून्यावर, शेवटचा रडका दहावर. ड्युटीवरच्या मुलीने पट्टीकडे बघितलं, अण्णांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि कागदावर 2 लिहिलं. मी म्हटलं, अहो त्यांना विचारा तरी. ती म्हणाली, काका शांत आहेत. अण्णांचा आवाज त्या आजारात इतका खाली गेला होता की तोंडाजवळ कान नेल्याशिवाय ऐकू येत नसे, आणि रात्री दोनला कान न्यायला कुणाला वेळ नव्हता. त्यांच्या उजव्या हाताने पलंगाचा गज धरला होता. बोटांची पेरं पांढरी पडली होती. मी तिला तो हात दाखवला तेव्हा ती म्हणाली, तो कंप आहे ना. दुखणं थांबवायचं पुढचं इंजेक्शन मिळायला सकाळचे साडेसहा वाजले.

ती पट्टी 1983 मध्ये अमेरिकेत लहान मुलांसाठी बनवली गेली. ती बनवणाऱ्यांनीच बजावून ठेवलंय की रोग्याने स्वतः चेहऱ्यावर बोट ठेवायचं, दुसऱ्याने रोग्याच्या चेहऱ्याशी पट्टी जुळवायची नाही. कारण सरळ आहे. हसणाऱ्या माणसालाही दुखत असतं. पण चेहरा वाचायची सवय इतकी मुरलेली आहे, की विचारण्यासाठी केलेलं साधनही आपण न विचारण्यासाठी वापरतो.

हे एका थकलेल्या मुलीचं चुकणं म्हणून मी सोडून दिलं असतं. पण ती जे करत होती तेच आता यंत्रांना शिकवलं गेलंय. पॉल एकमनने 1960 च्या दशकाच्या अखेरीस पापुआ न्यू गिनीत फोटो नेऊन काही मूळ भावनांचे चेहरे जगभर सारखे असतात असं मांडलं. तिथल्या लोकांना छोटी गोष्ट सांगायची आणि दोन-तीन फोटोंतून गोष्टीला जुळणारा चेहरा निवडायला सांगायचं, अशी ती पद्धत. म्हणजे तिथेही गोष्ट लागलीच! पुढे निष्कर्ष तेवढा उरला, गोष्ट गळून पडली. त्यावर सॉफ्टवेअरं निघाली. नोकरीच्या मुलाखतीत उमेदवाराचा चेहरा तपासणारी, वर्गात मुलांचं लक्ष आहे का ते सांगणारी. 2019 मध्ये मानसशास्त्रज्ञांच्या एका गटाने आजवरचे पुरावे एकत्र चाळले. रागावलेली माणसं कपाळाला आठ्या घालतात ती सरासरी तीसेक टक्के वेळा, असं निघालं. उरलेल्या वेळी ती गप्प बसतात, हसतात, रडतात, भांडी घासतात. मायक्रोसॉफ्टने 2022 मध्ये चेहऱ्यावरून भावना ओळखून देणं बंद करत असल्याचं जाहीर केलं. युरोपीय संघाने फेब्रुवारी 2025 पासून कामाच्या जागी आणि शाळांत अशा यंत्रांना बंदी केली, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं वगळून. आपल्याकडे मात्र जानेवारी 2021 मध्ये लखनौच्या पोलिसांनी रस्त्यावरच्या बायकांच्या चेहऱ्यावरची भीती ओळखून पोलिसांना कळवणारे कॅमेरे लावण्याचा बेत सांगितला होता. छेडछाड होत असताना आपली बाई चेहऱ्यावर काय दाखवते हे इथल्या कुठल्याही मुलीला विचारा. काहीही दाखवत नाही. ती समोर बघत चालत राहते. लहानपणापासून तिला तेच शिकवलेलं असतं.

काही मुलांना चेहरे वाचणं मुळातच जड जातं. अशा मुलांबरोबर काम करणारी माझी एक मैत्रीण तक्ते वापरते. ती मला म्हणाली, तू फार ताणतोस, आम्हाला सुरुवात कुठून तरी करावी लागते. बरोबर आहे तिचं. बाराखडी लागते. पण बाराखडी गिरवायला देतात, ती गोष्ट म्हणून वाचायला देत नाहीत. आणि मुलांना स्पष्ट लागतं, हे बाईंचं म्हणणं मला अजूनही पटत नाही. आई चिडलीय हे मूल तिचं तोंड बघून ओळखत नाही. ते कुकरचं झाकण ज्या आवाजाने ओट्यावर पडतं त्यावरून ओळखतं.

तरीही मी चेहरा काढून दिला. हे लपवण्यात अर्थ नाही. पुस्तकाची बाकीची पानं छपाईला तयार होती आणि मला हप्ता भरायचा होता. आजी आपल्याकडे वळली, भुवयांची आतली टोकं वर गेली, गालावर थेंब आला. दावं तसंच ठेवलं, पण आता त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नव्हतं.

पुस्तक आल्यावर ओळखीच्या एका शाळेत दुसरीच्या वर्गात गोष्ट सांगायला गेलो. छापलेलं पान दाखवून विचारलं, आजीचं काय चाललंय? "रडतेय," पंधरावीस आवाज एकदम, आणि पान उलटा म्हणून गलका. मग पिशवीतून मूळ पाठमोरं चित्र काढून फळ्याला टेकवलं. थोडा वेळ कुणी बोललं नाही. एक म्हणाला, ती म्हशीला शोधतेय. दुसरी म्हणाली, नाही, तिला माहितीय म्हैस गेलीय, ती दोरी कुठे ठेवायची ते बघतेय. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ती रडतेय पण कुणी बघू नये म्हणून तिकडे तोंड केलंय. त्यावर पहिल्या बाकावरच्या मुलाने वळून तिला सांगितलं, गोठ्यात कोण आहे बघायला? त्या दोघांचं त्यावरून भांडण झालं आणि बाईंना मध्ये पडावं लागलं. याला मी प्रयोग वगैरे म्हणत नाही. तीसेक मुलं होती आणि मी काही तटस्थ माणूस नव्हतो.

आता दुसऱ्या आवृत्तीची वेळ आलीय. काही दुरुस्त्या आहेत का म्हणून बाईंनी विचारलं. मी ते एकच पान पाठवलंय, पाठमोरं, आणि सोबत मुलं काय म्हणाली ते लिहिलंय. उत्तर अजून यायचंय.